मिक्सर असूनही गायी निवडून खातात: दोष कुठे शोधायचा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. चारा मिक्सर घेतला, पहिले काही आठवडे छान गेले, दूध वाढले, गव्हाण चाटून साफ होऊ लागली. मग हळूहळू जुने दुखणे परत आले. काही गायींच्या दुधाला फॅट कमी लागते, काहींचे शेण पातळ तर शेजारच्या गायीचे घट्ट, आणि गव्हाणीत लांब काड्या तशाच पडून. पाती बदलली की चार दिवस बरे, मळी वाढवली की चार दिवस बरे, पुन्हा तेच.

त्रास परत परत येतो, कारण एकाच लक्षणामागे तीन वेगळे बिघाड लपलेले असतात. पहिला, चारा मुळात मिसळलाच गेलेला नाही. दुसरा, चारा नीट मिसळला गेला, पण गायींनी गव्हाणीत तो निवडला. तिसरा, मिसळलाही आणि निवडलाही नाही, पण आज मिक्सरच्या हौद्यात जे पडले ते कालच्यापेक्षा वेगळे होते. तिघांचे इलाज वेगळे आहेत, काही तर एकमेकांच्या उलट. न मिसळलेल्या चाऱ्याला मिक्सर जास्त वेळ चालवणे हा इलाज आहे. पण नीट मिसळलेला चारा जास्त वेळ फिरवला तर काड्यांचा भुगा होतो आणि फॅट आणखी घसरते. म्हणून पाना-हातोडा हातात घेण्याआधी आपला बिघाड तिघांपैकी कोणता, एवढे ठरवून घ्या.

गव्हाणीतून नमुने, तेही दोनदा

हौद्यात डोकावून मिश्रणाची पारख होत नाही. दिसतो तो फक्त वरचा थर, आणि फिरता चारा नेहमीच मिसळल्यासारखा वाटतो. गाय खाते गव्हाणीत, तर तपासणीही तिथेच हवी.

वैरण टाकून झाली की गायींनी तोंड लावायच्या आत, गव्हाणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या अंतरावर दहा ठिकाणांहून नमुने घ्या. मुठीने उचलू नका. बारीक भरडा आणि खनिज मिश्रण बोटांतून गळून खालीच राहते आणि नमुना खोटा होतो. पसरट फावड्याने तळापासून उचला. मग तीन-चार तासांनी, गायी एकदा खाऊन बसल्यावर, त्याच दहा ठिकाणांहून पुन्हा घ्या.

हे नमुने चाळायला पेन स्टेट विद्यापीठात तयार झालेली चाळणी जगभर वापरतात. एकावर एक ठेवलेल्या तीन चाळण्या आणि खाली ताट. वरच्या चाळणीची भोके १९ मिलिमीटर, मधलीची ८, खालचीची ४. सुमारे दीड लिटर मावेल एवढा नमुना वर टाकायचा, सपाट जागेवर पाच वेळा पुढे-मागे हलवायचे, पाव फेरा वळवायचे, पुन्हा पाच वेळा, असे आठदा. म्हणजे एकूण ४० हेलकावे. मग प्रत्येक खणातले वजन करून टक्केवारी काढायची. दुभत्या गायींच्या पूर्ण मिश्र आहारात वरच्या चाळणीवर २ ते ८ टक्के, मधल्यावर ३० ते ५०, खालच्यावर १० ते २० आणि ताटात ३० ते ४० टक्के माल राहावा अशी शिफारस आहे. भाकड गायींच्या आहाराला हे आकडे लावू नका, त्यात लांब वैरण मुद्दाम जास्त असते.

पण आपल्याला आत्ता या आकड्यांपेक्षा त्यांच्यातला फरक पाहायचा आहे. ताटातला वाटा सरासरी ३५ टक्के असेल आणि दहापैकी बहुतेक नमुने ३३ ते ३७ च्या आत असतील, तर मिक्सरने त्याचे काम केले. एका टोकाला २८ आणि दुसऱ्या टोकाला ४२ निघाले, तर एकाच कळपात दोन वेगळे आहार चालले आहेत. वरच्या चाळणीच्या आकड्यावरून असा निष्कर्ष काढू नका. तिथे मालच इतका थोडा असतो की दोन-चार काड्यांनी टक्केवारी हलते.

चाळणी नसेल तर अखंड मक्याचे दाणे घ्या, मात्र आहारातला मका भरडलेला असला पाहिजे आणि मुरघास (हवाबंद करून मुरवलेला हिरवा चारा) मक्याचा नसावा. नाहीतर आतले दाणे मोजणीत घुसतात. १२०० किलोच्या घाण्यात (मिक्सरच्या एका वेळच्या भरणीत), जिथे खनिज मिश्रण टाकता त्याच वेळी आणि त्याच जागी, ५ किलो अखंड मका टाका. मक्याच्या हजार दाण्यांचे वजन साधारण ३०० ग्रॅम धरले तर हे सोळा-सतरा हजार दाणे होतात, म्हणजे किलोमागे १४ च्या आसपास. गव्हाणीतून प्रत्येक ठिकाणचा २ किलो नमुना पोत्यावर पसरून दाणे मोजा. २८ च्या जागी २३ किंवा ३३ निघाले तर ते निव्वळ योगायोगाचे. एका टोकाला १० आणि दुसऱ्या टोकाला ६० निघाले तर ते योगायोगाचे नाही. काम किचकट आहे, पण दोन पैशांचे आहे, आणि दाणे शेवटी गायीच खातात.

आता निकाल वाचा. पहिल्याच फेरीत दहा नमुने एकमेकांशी जुळत नसतील, तर दोष मिक्सरमध्ये किंवा भरणीत आहे. पहिली फेरी जुळते आणि दुसरी विस्कटते, तर गायी निवडत आहेत. दोन्ही जुळतात आणि तरी दूध डळमळते, तर दोष वजनकाट्यात, मुरघासाच्या ओलाव्यात किंवा माणसांत आहे.

पहिल्याच फेरीत फरक

फरक कसा पसरला आहे ते आधी बघा, कारण त्याच्या आकारावरूनच अर्धे निदान होते.

एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू वाढत किंवा घटत गेलेला फरक बहुतेक वेळा अपुऱ्या वेळेचा असतो. शेवटचा घटक पडल्यानंतर मिक्सर पूर्ण वेगाने तीन ते पाच मिनिटे फिरायला हवा. हा वेळ शेवटच्या घटकापासून मोजायचा आहे, मिक्सर चालू केल्यापासून नाही. भरणी वीस मिनिटे चालली तरी शेवटचा मुरघास पडल्या पडल्या गव्हाणीकडे निघालात, तर तो मुरघास वरच राहिला. रस्त्यात मिसळेलच, हा भरवसाही पोकळ असतो, कारण ट्रॅक्टरवर चालणारा मिक्सर गोठ्यात शिरताना चालक इंजिनाचे फेरे कमी करतो. पीटीओ (ट्रॅक्टरची ताकद मिक्सरला पोचवणारा मागचा फिरता दांडा) मिनिटाला ५४० फेऱ्यांचा असेल तर मिसळताना तो ५४० वरच हवा. डिझेल वाचवायला इंजिन हळू ठेवले की उभ्या ऑगरचा (हौद्यात फिरणाऱ्या मळसूत्री स्क्रूचा) मिक्सर चारा वर उचलून पाडण्याऐवजी नुसता गोल फिरवतो.

गव्हाणीत मध्येमध्ये गवताचे पुंजके आणि त्यांच्यामध्ये नुसताच बारीक माल, असे दिसले तर पाती बघा. बोथट पाते काडी कापत नाही, ओढून तोडते. तुटलेल्या काड्या एकमेकींत अडकून गोळे होतात. बोथट पात्यांची आणखी दोन लक्षणे आहेत: तेवढाच गठ्ठा फोडायला वेळ जास्त लागतो, आणि ट्रॅक्टर पूर्वीपेक्षा जास्त कण्हतो. बऱ्याच पात्यांच्या एका बाजूला कठीण धातूचा थर असतो, त्या बाजूला ग्राइंडर लावायचा नाही. दुसऱ्या, साध्या बाजूने धार लावायची. हे करताना ट्रॅक्टर बंद, किल्ली आपल्या खिशात, पीटीओ शाफ्ट काढलेला. विजेवरच्या मिक्सरला मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप. हौद्यात उतरलेला माणूस बाहेरून दिसत नाही आणि ऑगरला दया नसते.

पाती धारदार आहेत आणि तरी पुंजके येतात, तर हौद्याच्या भिंतीतून आत येणारी अडथळ्याची पाती तपासा. उभ्या ऑगरच्या मिक्सरमध्ये ती आत सरकवता येतात. चारा त्यांना अडतो आणि ऑगरची पाती त्याला कापतात. लांब गवत फोडताना आत, मुरघास पडल्यावर बाहेर, अशी ती वापरायची असतात. अनेक गोठ्यांत ती विकत घेतल्या दिवशी ज्या जागी होती तिथेच गंजून बसलेली सापडतात.

गव्हाणीत वैरण लाटांनी पडते, कधी ढीग कधी रिकामे, आणि शेवटी हौद्याच्या तळाशी दोन-चार बोटे माल तसाच उरतो, तर ऑगरच्या खालच्या टोकाला असलेली ढकलपट्टी झिजली आहे. ती चाऱ्याला भिंतीकडे आणि दाराकडे रेटते. तिच्यात आणि भिंतीत फट वाढली की माल त्या फटीत फिरत राहतो. बहुतेक मिक्सरमध्ये पट्टी बाहेर सरकवायला जास्तीची भोके असतात. ती संपली की पट्टी बदलायची. साधे आणि स्वस्त काम आहे, पण ऑगरच्या तळाशी असल्याने कोणी वाकून बघत नाही, आणि गिअरबॉक्स उघडण्यापर्यंत गोष्ट जाते.

आता भरणीची पातळी. काठोकाठ भरलेल्या मिक्सरमध्ये वरचा चारा वरच तरंगतो, खाली जातच नाही. ऑगरच्या टोकावर चारा उसळून पुन्हा खाली ओघळताना दिसला पाहिजे. वर टोपी बसल्यासारखा नुसता गोल फिरत असेल तर भरणी जास्त आहे. हौद्याच्या क्षमतेच्या ७० ते ९० टक्के ही चांगली मर्यादा. उलट बाजूही तितकीच वाईट: पाव हौदाही भरला नाही तर उभ्या ऑगरला उचलायला मालच मिळत नाही आणि तो भिंतीशी चिकटून फिरतो. भाकड गायींचा छोटा घाणा खराब निघतो तो बहुधा यामुळेच. अशा वेळी दोन दिवसांचा एकदम करण्यापेक्षा, दुभत्या गायींच्याच घाण्यातला वैरणीचा भाग आधी मोठ्या प्रमाणात मिसळून थोडा भाकड गायींना उतरवून द्यावा, मग उरलेल्यात खुराक घालावा. गरम हवेत दोन दिवसांचे मिश्रण तापतेच. फक्त भाकड गायींच्या वाट्याची खनिजे हिशेबात वेगळी ठेवा. दुभत्यांचे खनिज मिश्रण त्यांना चालत नाही, विशेषतः व्यायला टेकलेल्या गायींना.

पांढऱ्या खनिजांचे किंवा पेंडीचे डाग एखाद्याच जागी दिसतात, तेव्हा क्रम आणि जागा चुकलेली असते. उभ्या ऑगरच्या मिक्सरला साधारणपणे लांब कोरडी वैरण आधी, मग खुराक आणि थोड्या प्रमाणातले कोरडे घटक, मग मुरघास, आणि पाणी किंवा मळी सर्वांत शेवटी, असा क्रम जमतो. आडव्या ऑगरच्या आणि पॅडलच्या (वल्ह्यासारख्या फळ्यांच्या) मिक्सरचा क्रम त्यांच्या पुस्तिकेत वेगळा दिलेला असतो, तो पाळा. शेजाऱ्याचा क्रम शेजाऱ्याच्या मिक्सरसाठी आहे. मळी कोरड्या खनिजांवर सरळ ओतली तर गोळ्या होतात आणि त्या शेवटपर्यंत फुटत नाहीत. थोड्या प्रमाणातल्या वस्तू हौद्याच्या कोपऱ्यात न ओतता ऑगरच्या वर, मधोमध पडू द्या.

खनिज मिश्रण, मीठ, खाण्याचा सोडा या गोष्टी ५ किलोच्या टप्प्याने आकडा दाखवणाऱ्या काट्यावर मोजूच नयेत. छोट्या काट्यावर मोजा आणि भरड्यात आधी मिसळून घ्या, म्हणजे मिक्सरमध्ये ६ किलोऐवजी ६० किलो पडेल आणि ते पसरायलाही सोपे. युरिया देत असाल तर हा नियम सक्तीचा समजा. एकूण कोरड्या पदार्थाच्या (आहारातले पाणी वगळून उरणाऱ्या भागाच्या) १ टक्क्याच्या आत ठेवलेला युरियाही एका गायीच्या वाट्याला ढेकळाने आला तर तिला विषबाधा होते आणि ती तासाभरात दगावू शकते. मोनेन्सिन (गायींच्या खुराकात घालतात ते एक औषध) असलेले मिश्रण वापरत असाल आणि आवारात घोडाही असेल, तर त्या मिक्सरमधली उरली-सुरली वैरण त्याच्यापुढे कधीही टाकू नका. गायीला मानवणारी मात्रा घोड्याला जीवघेणी ठरते.

एक बारीक गोष्ट राहिली. उभ्या ऑगरचा मिक्सर उतारावर उभा करून भरला तर माल एका अंगाला सरकतो. भरणीची जागा सपाट असावी. वजनकाट्यालाही तीच हवी आहे.

पहिली फेरी सारखी, दुसरी विस्कटलेली

मिक्सरची तपासणी इथेच थांबवा. मिश्रण नीट आहे, गायी ते उकलत आहेत. गाय मुद्दाम खोडी करत नाही. तोंडाने वैरण उचलून झटकली की जड दाणे आणि भरडा खाली बसतो आणि तो चविष्ट भाग ती आधी टिपते. गव्हाणीतल्या ढिगात तिच्या तोंडाएवढे खड्डे पडलेले दिसले की समजा, खाली भरड्यासाठी बोगदे चालले आहेत. सकाळी ताकदवान गायी भरडा खाऊन जातात, उशिरा येणाऱ्या दबल्या गायींना चघळ उरते. पहिल्यांच्या पोटात एकदम पिष्ट जाते, कोठीपोटाचा (पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्याचा) सामू, म्हणजे पीएच, घसरतो. तो ६ च्या खाली गेला की तंतू पचवणाऱ्या जिवाणूंचे काम मंदावते आणि फॅट पडते. दुसऱ्यांना ऊर्जाच मिळत नाही, त्यांचे दूध पडते. टाकीतल्या एकत्र दुधात दोन्ही नुकसाने मिसळून जातात, म्हणून एकेका गायीचे फॅट तपासल्याशिवाय हे लक्षात येत नाही.

उरलेल्या वैरणीची चाळणी करा. वरच्या चाळणीवरचा वाटा ताज्या मिश्रणापेक्षा साधारण ५ टक्क्यांपर्यंत जास्त असेल (ताज्यात ६, तर उरलेल्यात ११) तर चालून जाईल. फरक १० टक्क्यांच्या पुढे गेला तर निवड होते आहे.

इलाजात पहिला नंबर काडीच्या लांबीचा. कोरडी वैरण, विशेषतः धान्याचा पेंढा, ५ सेंटिमीटरच्या आत कापलेली हवी. गायीच्या तोंडाच्या रुंदीपेक्षा लांब काडी ती सहज बाजूला सारू शकते, आखूड काडी भरड्यासकट तोंडात जाते. मिक्सरकडून ही लांबी निघत नसेल तर वैरण कुट्टी यंत्रातून काढून मगच मिक्सरमध्ये टाका. मिक्सर असताना कुट्टी यंत्र कशाला, असा प्रश्न येतो. पण पेंढ्याचा हिस्सा मोठा असेल तर आधी कुट्टी केल्याने मिक्सरची वेळही वाचते आणि मुरघासाचा भुगा होत नाही.

दुसरा नंबर ओलाव्याचा. मिश्रणात कोरडा पदार्थ ६० टक्क्यांच्या वर असेल तर बारीक भाग काडीला चिकटून राहत नाही. पाणी शिंपडून तो ४५ ते ५० टक्क्यांवर आणला की निवड बरीच कमी होते. हिशेब सोपा आहे: १००० किलो मिश्रणात कोरडा पदार्थ ६० टक्के, म्हणजे ६०० किलो, तो ५० टक्क्यांवर आणायला एकूण वजन १२०० किलो व्हायला हवे, म्हणून २०० लिटर पाणी. मळी हेच काम जास्त चिकटपणे करते. पण पाणी घातलेली वैरण उन्हाळ्यात लवकर तापते, तेव्हा ती दिवसातून दोनदा ताजी द्यावी लागते. आणि मुरघासामुळे मिश्रण आधीच ओले असेल तर पाण्याचा इथे काहीही उपयोग नाही. तिथे लांबीच बघा.

तिसरे, वैरण वारंवार गायींपुढे लोटणे. गायी झटकत झटकत ती आवाक्याबाहेर ढकलतात. लोटताना ती पुन्हा उलथली जाते आणि खड्डे बुजतात. गव्हाण तासन्‌तास रिकामी राहणार नाही एवढे पाहा. भुकेली गाय वैरण पडल्या पडल्या घाईने भरड्यावरच तुटून पडते. साधारण २ ते ५ टक्के वैरण उरावी. ती उरते म्हणून ओरडा करण्याचे कारण नाही, मात्र जे उरते ते दिसायला दिलेल्यासारखेच असले पाहिजे.

दोन्ही फेऱ्या चांगल्या, तरी दूध डळमळते

आता संशय काट्यावर. रिकाम्या मिक्सरच्या चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने ओळखीच्या वजनाचे पोते टेकवा. ५० किलोच्या पोत्याने आकडा प्रत्येक ठिकाणी ५०नेच वाढला पाहिजे. तेच अर्ध्या भरलेल्या मिक्सरवर पुन्हा करा, कारण काही लोड सेल (मिक्सरखालचे वजन टिपणारे भाग) रिकाम्यात खरे आणि भरल्यावर खोटे बोलतात. एकाच कोपऱ्यावर आकडा कमी येत असेल तर त्या बाजूची वायर उंदरांनी कुरतडलेली किंवा जोडणीत पाणी गेलेले असण्याची शक्यता जास्त. आकडा वाचताना मिक्सर जागेवर उभा हवा. चालत्या मिक्सरचा आकडा नाचतो.

लोडरच्या बादलीने भरताना थोडे जास्त पडतेच. मुरघास २० किलो जास्त पडला तर मी दुर्लक्ष करेन. पेंड २० किलो जास्त पडली तर नाही. काळजी सगळीकडे सारखी वाटत बसण्यापेक्षा जिथे किलोला महत्त्व आहे तिथे ती खर्च करा.

मग मुरघासाचा ओलावा. हा वर्षभर चकवणारा भाग आहे. समजा, एका गायीला मुरघासातून ७ किलो कोरडा पदार्थ द्यायचा ठरला. मुरघासात कोरडा पदार्थ ३५ टक्के असेल तर २० किलो पुरतो. खड्ड्याचा उघडा तोंडवळा पावसात भिजला, किंवा खड्ड्याचा ओला भाग लागला आणि कोरडा पदार्थ २८ टक्क्यांवर आला, तर २५ किलो हवा. काट्यावर मात्र आपण २० किलोच मोजतो, आणि गायीला मिळतो ५.६ किलो. खुराक आहे तेवढाच राहिला, वैरण १.४ किलोने घटली. मिक्सर, पाती, माणूस सगळे निर्दोष, आणि तरी शेण पातळ.

ओलावा मोजायला मायक्रोवेव्ह ओव्हन पुरतो. १०० ग्रॅम मुरघास ताटलीत पातळ पसरा, शेजारी पाण्याचा पेला ठेवा म्हणजे माल जळत नाही, आणि दर एक-दोन मिनिटांनी काढून वजन करा. लागोपाठ दोन वेळा वजन तेच आले की तेवढे ग्रॅम म्हणजेच कोरड्या पदार्थाची टक्केवारी. आठवड्यातून एकदा, आणि पाऊस पडून गेला की लगेच. घरच्या स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये करायला जाऊ नका. वास आठवडाभर जात नाही.

उरतात माणसे. सकाळी एक जण भरतो, संध्याकाळी दुसरा, आणि आठवडी सुट्टीला तिसरा. एक जण गठ्ठा टाकून मिक्सर चालू ठेवतो आणि तेवढ्यात वासरांना दूध पाजून येतो. पंधरा मिनिटांऐवजी पस्तीस मिनिटे फिरलेल्या त्या घाण्यात वरच्या चाळणीवर २ टक्केही काड्या उरत नाहीत. नमुने दहाच्या दहा जुळतात, कारण सगळेच सारखे भुगा झालेले असतात. गायी रवंथ कमी करतात, लाळ कमी, सामू घसरतो. ही खूण लक्षात ठेवा: गोठ्यात निवांत बसलेल्या गायींपैकी निम्म्याहून कमी रवंथ करताना दिसल्या आणि गव्हाणीत काडी शोधावी लागली, तर वेळ कमी करा. उपाय कंटाळवाणा आहे. भरणीच्या जागी भिंतीवर क्रम, वजने आणि मिनिटे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, आणि मिनिटे मोजायला गजर लावा. फॅट ठराविक वारांनाच घसरत असेल तर पाळीचे वेळापत्रक आधी बघा.

नवा मिक्सर घ्यायचाच असेल तर

वरचे सगळे तपासूनही मिक्सर कळपाला पुरत नाही असे ठरले, तर आधी हिशेब, मग जाहिरातपत्रके. गायीला दिवसाला १८ किलो कोरडा पदार्थ आणि मिश्रण ४५ टक्के कोरडे, म्हणजे ४० किलो ओली वैरण. ६० गायींना २४०० किलो, दिवसातून दोन घाणे केले तर एका घाण्याला १२०० किलो. मिश्रणाच्या एका घनमीटरचे वजन साधारण ३०० किलो धरले तर ४ घनमीटर. हौदा ८० टक्केच भरायचा, म्हणून ५ घनमीटरचा मिक्सर. पेंढा जास्त असेल तर मिश्रण हलके आणि जागा जास्त लागते. आता सर्वांत छोटा गट बघा. ८ भाकड गायी, प्रत्येकी २५ किलो, म्हणजे २०० किलो. ५ घनमीटरच्या मिक्सरमध्ये तो घाणा १५ टक्केही भरत नाही. पुढे कळप वाढेल म्हणून ८ घनमीटरचा घेणारे इथेच फसतात: मोठा घाणा उत्तम आणि छोटा घाणा कायमचा खराब.

प्रकार निवडताना आपली वैरण बघा. अख्खे गठ्ठे फोडायचे असतील तर उभा ऑगर. मुरघास आणि तयार कुट्टी हाच मुख्य चारा असेल तर आडवा ऑगर किंवा पॅडल, ज्यात छोटा घाणाही तुलनेने बरा मिसळतो आणि भुगा कमी होतो. मात्र साखळ्या, दातेरी चाके आणि बेअरिंगे जास्त, म्हणजे ग्रीस-पाणी जास्त. अरुंद गोठ्यात ट्रॅक्टर फिरतच नसेल तर एका जागी बसवलेला विजेवरचा मिक्सर आणि हातगाडी हा जोड चांगला चालतो. दहा-बारा गायींसाठी माझ्या मते मिक्सर नकोच. कुट्टी यंत्र, पक्की फरशी आणि फावडे यांनी तेवढे मिश्रण नीट होते, माणसाने तीनदा उलथले की.

दाराची उंची, गव्हाणीच्या रस्त्याची रुंदी, माल कोणत्या बाजूने आणि किती उंचीवरून पडतो, हे टेपने मोजून जा. हौद्यात किंवा मालाच्या वाटेवर चुंबक लावलेला असेल तर उत्तम. गठ्ठ्यांबरोबर तारेचे तुकडे येतात, पाती त्यांचे बारीक तुकडे करतात, आणि ते गायीच्या जाळीपोटाला (कोठीपोटाला लागून असलेल्या दुसऱ्या कप्प्याला) टोचतात. दोरी आणि जाळी मात्र चुंबकाला सापडत नाहीत. ती हातानेच काढायची, आणि ऑगरच्या तळाशी गुंडाळलेली दर आठवड्याला कापायची.

जुना मिक्सर बघायला गेलात तर रंगावर जाऊ नका. हौद्याचा तळ आणि भिंतीचा खालचा वीतभर भाग हातोडीने ठोकून बघा. मुरघासाच्या आम्लाने पत्रा तिथेच पातळ होतो आणि आवाज बदलतो. ऑगरची कड कागदासारखी धारदार झाली असेल तर ती झिजली आहे. गिअरबॉक्सखाली ताजे तेल दिसते का, तेलात पाणी मिसळून ते दुधट झाले आहे का, हे बघा. शेवटी ५० किलोचे पोते घेऊन चारही कोपरे तपासा, आणि काटा बंद असेल तर नवे लोड सेल आणि डिस्प्ले किमतीतून वजा करूनच बोलणी सुरू करा.